बुफरला शेंगा लागतात का?

आज सोयाबीनला कोळपणी चालू होती. पुतण्या बांधावर आला. "तात्या, सोसायटीचं पीककर्ज जमा झालं. जीपला रुंद टायर अन् मोठा बुफर टाकतो."

आणि खत? ते दुकानातून उधारीवर, सुगीला वाढवून द्यायचं!

पोरांनो, राग येऊ द्या. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्य टक्क्याने पडतं. मुदत हुकली की सवलत गेली. मग बुफर भरणार का हप्ता? गाडी विकताना त्याचे कुणी पैसे देत नाही. मापाबाहेरच्या टायरला दंड वेगळाच. हौस करा की, पण माल विकून, देणं फेडून उरलं त्यात.

पुतण्या तोंड फुगवून गेला. अजून दीड एकर कोळपायचं राहिलंय.