काठाचा हिशेब

सुरतेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे पाहुणे आले की त्यांना दाखवावयाच्या स्थळांची यादी जणू ठरलेलीच असते. किल्ला, तापीचा काठ आणि अखेरीस डुमस अथवा सुवाली येथील काळ्या वाळूचा समुद्रकिनारा. गेल्या नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्हीही जळगावच्या पाहुण्यांना घेऊन सुवालीस गेलो. समवेत आमचा भाचा होता. तो येथेच स्थापत्य अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेत आहे.

सुवालीचा इतिहास आम्ही पाहुण्यांस मोठ्या उत्साहाने सांगितला. सतराव्या शतकात मोठी जहाजे तापीतून शहरापर्यंत येऊ शकत नसत. मुखाच्या उत्तरेस किनाऱ्याला समांतर असा वाळूचा दांडा होता. त्याच्या आडोशाच्या खोल पाण्यात इंग्रजांची जहाजे नांगर टाकीत, आणि १६१२ साली टॉमस बेस्टच्या जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली ती याच पाण्यात. त्यावर पाहुण्यांतील एका वयस्क बाईंनी विचारले, “पण दांडा दोन्ही टोकांना उघडाच ना? मग लाटा वळसा घालून आत येत नसत का?”

भाचा हसून म्हणाला, “येतात हो, मावशी. किती येतात ते आधी सांगणे, हाच तर आमचा उद्योग.”

वाचकहो, हा उद्योग काय आहे हे आम्हांस त्या संध्याकाळी प्रथमच उमगले. बंदर बांधण्यापूर्वी त्यात लाटा किती उसळतील हे कळणे अगत्याचे असते, नाहीतर धक्क्याला बांधलेले जहाज हेलकावे खाऊन दोर तोडते. १९१६ साली पुण्यात आरंभ झालेल्या आणि आता खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत कृत्रिम लाटा सोडतात. दुसरा मार्ग गणिताचा. त्यात सर्व पाण्यावर चौकटींचे जाळे कल्पून प्रत्येक ठिकाणी लाटेची उंची काढता येते. परंतु समुद्राला अंत नाही. जाळे थांबवावे कोठे?

यावरचा तोडगा मनोहर आहे. पाण्याची खोली सर्वत्र सारखी मानली, तर काठावर काय घडते तेवढे कळले की आतील सर्व पाण्याचे ज्ञान होते. काठाचा प्रत्येक तुकडा म्हणजे लाटा पाठविणारे एक छोटे उगमस्थान समजावयाचे. प्रत्येकाचा जोर अज्ञात. अट एकच, की भिंतीतून पाणी आरपार जाता कामा नये. एका तुकड्यावर इतर सर्व तुकड्यांचा परिणाम मिळवीत जाणे यालाच गणितज्ञ समाकल समीकरण म्हणतात. बंदरांसाठी ही रीत ह्वांग व टक यांनी १९७० साली आणि ली यांनी १९७१ साली मांडली. ली यांनी तर कॅलिफोर्नियातील लाँग बीच बंदराची प्रतिकृती करून आपले आकडे प्रयोगाशी ताडून पाहिले.

भाच्याने वाळूवरच काटकीने हिशेब मांडला. ५०० मीटर लांब-रुंद बंदर, लाटेची लांबी १०० मीटर. एका लाटेमागे दहा तुकडे धरले तर प्रत्येक तुकडा १० मीटरचा. जाळ्याच्या रीतीने २,५०० ठिकाणे, आणि उघड्या समुद्राची वेगळीच. काठाच्या रीतीने अवघे २०० तुकडे. मात्र येथे प्रत्येकाचा संबंध प्रत्येकाशी, म्हणून २०० गुणिले २०० असे ४०,००० आकडे मांडावे लागतात. लाटेची लांबी निम्मी झाली की तुकडे दुप्पट, आकडे चौपट आणि नेहमीच्या पद्धतीने समीकरणे सोडविण्याचे श्रम आठपट.

येथवर सारे सुरळीत वाटले. परंतु भाच्याने पुढे जे सांगितले त्यासाठीच आम्ही हे लिहावयास बसलो.

परीक्षेसाठी त्याने समुद्रातील एका गोल खांबाचे गणित घेतले होते. त्रिज्या १० मीटर. संगणकाने काढलेला आलेख छान गुळगुळीत आला, पण लाटेची लांबी २६ मीटरच्या आसपास असताना त्यात एकाएकी सुळका उभा राहिला. तुकडे वाढविले, सुळका बारीक झाला, पण गेला नाही. परीक्षा दोन दिवसांवर. तो एक बिंदू गाळला असता तर कोणाच्याही ध्यानात आले नसते. मित्रांनी सल्लाही तोच दिला.

“मग गाळलास का?” आम्ही विचारले.

“नाही, मामा. खोल पाण्यात २६ मीटरची लाट म्हणजे चार सेकंदांची, अगदी रोजची. सुळका खरा असेल तर तो लपविणे हा गुन्हा, आणि खोटा असेल तर तो का आला हे कळायला हवे.”

गोल खांबापुरते अचूक सूत्र मॅक्कॅमी व फुक्स यांनी १९५४ सालीच दिलेले आहे. त्यात हा सुळका नाही. म्हणजे दोष समुद्राचा नव्हे, हिशेबाचा. काठाचे समीकरण मांडताना खांबाच्या आतही पाणी आहे अशी कल्पना नकळत शिरते. ते काल्पनिक पाणी काही ठरावीक लांबीच्या लाटांना आपल्या लयीत डोलू लागते, आणि मग समीकरणाला एकच उत्तर उरत नाही. गोल खांबास अशी पहिली लांबी व्यासाच्या सुमारे १.३ पट असते. वीस मीटर व्यासाला बरोबर २६ मीटर!

उपायही जुनेच आहेत. खांबाच्या आत काही बिंदू घेऊन तेथे उत्तर शून्यच आले पाहिजे अशी जादा अट शेंक यांनी १९६८ साली सुचविली. बर्टन व मिलर यांनी १९७१ साली दोन समीकरणे एकत्र गुंफून हा दोष सर्वच लांबींसाठी दूर केला. भाच्याने दोन रात्री जागून पहिला उपाय केला आणि सुळका नाहीसा झाला. परीक्षेत त्याने दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले.

“पण सुवालीला हे चालेल का?” मावशींनी मूळ प्रश्न सोडला नव्हता.

“तसेच्या तसे नाही. येथे तळ उंचसखल आहे आणि उधाणाच्या भरतीने काठच सरकतो. पलीकडे भावनगरला तर पाणी दहा मीटरपर्यंत चढते-उतरते. अशा जागी पुन्हा जाळेच पसरावे लागते, नाहीतर प्रतिकृती करावी लागते.”

आपली रीत कोठे लागू पडत नाही हे त्याने न विचारता सांगितले याचा आम्हांस विशेष आनंद झाला. आता आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अशी मुले-मुली संगणकापुढे बसलेली असतात. गुण किती पडले हे आपण आवर्जून विचारतो. उत्तर ताडून कशाशी पाहिलेस, हेही एकदा विचारावे. गोल खांबाला ताळा पाहावयास सूत्र आहे. वेड्यावाकड्या बंदराला ते नसते, आणि तेथे दोर धरून उभी माणसे असतात.

परतताना भरती सुरू झाली होती. वाळूवरचा हिशेब पाण्याने पुसला. मावशींनी आदल्या दिवशीचा राहिलेला नारळ समुद्रास अर्पण केला आणि आम्ही घराकडे निघालो.