खून काय फक्त मुंबईतच होतात?

सोयाबीन निघालंय, कपाशीची बोंडं फुटायला लागलीत. दुपारी वर्ध्याच्या रस्त्यावर अजून डोकं तापतं, पण रात्री दहानंतर पंखा एक नंबरवर करावा लागतो. परीक्षा दिवाळीच्या आधी की नंतर, हे नेहमीप्रमाणे कुणालाच नक्की ठाऊक नाही. रहस्यकथा वाचायला याहून चांगले दिवस मला तरी माहीत नाहीत.

मी या नादाला लागले ते एका फाटक्या पुस्तकामुळे. अकरावीच्या सुट्टीत हिंगणघाटला आबाजींच्या पेटीत एक छोटी कादंबरी सापडली. मुखपृष्ठ नाही, त्यामुळे नाव नाही आणि लेखकही नाही. पहिल्याच प्रकरणात बंद खोलीत मेलेला सावकार. एका बैठकीत शेवटापर्यंत आले, तर शेवटची चार पानं गायब! आबाजींना विचारलं, तर म्हणाले, "मलेच माहीत नाही बाई, मी बी तशीच आणली होती." म्हणजे हा माणूस चाळीस वर्षं खुनी कोण हे न कळता जगला.

तशा पुस्तकांचा एक काळ होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड आपल्या आजोबांच्या पिढीचे हीरो. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. शिरवळकरांना आपण 'दुनियादारी'मुळे ओळखतो, तेही 2013 च्या सिनेमानंतर. पण त्यांनी रहस्यकथांचा ढीग लिहिलाय, हे कितीजणांना माहीत आहे? हे लेखक घरोघरी वाचले गेले, पण 'साहित्य' म्हटलं की त्यांची नावं कुणी घेत नव्हतं. आजही वर्गात कुणी आवडता लेखक विचारला की आपण जरा वजनदार नाव सांगतो. मीही सांगितलंय.

आता वाचायचं काय? केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्या. करीनाचा 'जाने जां' याच कादंबरीवरून निघाला. सिनेमा पाहिला असला तरी वाचा. खून कुणी केला हे सुरुवातीलाच कळतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. वसीम खानच्या 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस'मध्ये नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची मुंबई आहे आणि पर्सिस वाडिया नावाची इन्स्पेक्टर आहे, जिला ऑफिसातले पुरुष धड कामच देत नाहीत. मराठीत हृषीकेश गुप्तेंची 'दंशकाल'. ती मी 2023 च्या फेब्रुवारीत, आपल्या वर्ध्यात साहित्य संमेलन झालं तेव्हा घेतली. जाडजूड आहे, पण एका घरात किती गुपितं मावतात हे वाचून अंगावर काटा येतो. खिशात पैसे नसतील तर वाचनालयात दिवाळी अंकांसाठी नंबर लावा. 1909 च्या 'मनोरंजन'पासूनची आपली परंपरा आहे ती, आणि त्यात 'धनंजय' खास रहस्यकथांसाठी प्रसिद्ध आहे.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हे सगळे खून टोकियोत, मुंबईत, फार तर कोकणात होतात. आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? 1975 पासून इथे दारूबंदी आहे, आणि तरी ती कुठे मिळते हे शेंबड्या पोरालाही विचारता येतं. कथानक आयतंच! एकाच शहराजवळ वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन स्टेशनं. 'साहेब, मी तर त्या वेळी दुसऱ्या स्टेशनवर होतो,' असं सांगणारा संशयित मला डोळ्यांसमोर दिसतो. बोरचं जंगल आहे. जिनिंगमध्ये लागलेली आग आहे, आणि ती लागली की लावली, हा प्रश्न आहे. लिहितं कुणी नाही.

इंटर्नशिपमध्ये मी रोज क्राइमच्या छोट्या बातम्या टाइप करते. विहिरीत मृतदेह आढळला. आकस्मिक मृत्यूची नोंद. पुढील तपास सुरू. चार ओळी. दुसऱ्या दिवशी नवी विहीर, नवं नाव. ती बाई कोण होती, त्या रात्री घरात काय बोलणं झालं, हे विचारायला जागाच नसते. चांगली रहस्यकथा नेमकं हेच विचारते. मेलेल्या माणसाला ती तीनशे पानं देते, आणि गावातला प्रत्येक सभ्य चेहरा एकदा तरी संशयाने बघायला लावते. ट्रू क्राइमचे पॉडकास्ट मला म्हणूनच झेपत नाहीत. तिथे कुणाच्या तरी खऱ्या आईचं रडणं असतं आणि मागे म्युझिक. कादंबरीतला मुडदा खोटा असतो, तिथे प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात.

माझी आर्वीची रूममेट म्हणते, "मंग तूच लिही ना वं, दुसऱ्याले काहून सांगते?" बरोबर आहे तिचं. दोन प्रकरणं झालीत. प्रेत सेलू रोडला सापडतं, पुढे अडलेय. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल तर लाजू नका, कॉलेजच्या वार्षिकांकात द्या.

आणि एक काम आहे. घरातल्या जुन्या पेट्या, माळे जरा चाळा. बंद खोली, मेलेला सावकार, टेबलावर अर्धा कप चहा. अशी कादंबरी सापडली आणि तिची शेवटची चार पानं शाबूत असली, तर कळवा. आबाजी यंदा ऐंशीचे झाले.