आधी गाड्या, मग हायड्रोजन पंप



‘अकोला-अमरावती महामार्गावर हायड्रोजन पंप हवा’ हे पत्र वाचले. वऱ्हाड मागे राहू नये ही पत्रलेखकाची तळमळ माझीही आहे. पण ‘सरकार अनुदान देते, मग अडचण कसली?’ हा त्यांचा मुद्दा पटत नाही.

राज्याच्या २०२३ च्या हरित हायड्रोजन धोरणात पहिल्या २० हायड्रोजन भरणा केंद्रांना भांडवली खर्चाच्या ३० टक्के, कमाल साडेचार कोटी रुपये अनुदान आहे. केंद्र १५ कोटींचे धरले, तर साडेदहा कोटी मालकाच्या डोक्यावर राहतात. व्याज-घसारा वर्षाला फक्त दहा टक्के धरू. रोज ५० किलो विक्री झाली, तर किलोमागे सुमारे ५७५ रुपये त्यातच जातात. ५०० किलो झाली, तर ५७. शिवाय एक किलो वायू तयार करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, तो ३५० बारपर्यंत दाबायला आणखी वेगळी. खारपाण पट्ट्यातले पाणी शुद्ध करण्याचा खर्चही आहेच.

गिऱ्हाईक नसलेला पंप टिकत नाही. कॅलिफोर्नियात शेलने २०२४ मध्ये कारसाठीची आपली हायड्रोजन केंद्रे बंद केली.

म्हणून मागणी अशी करावी: आधी अकोला-अमरावती मार्गावर एसटीच्या २५-३० हायड्रोजन बस मंजूर करा आणि त्यांच्यासाठी आगारातच एक केंद्र उभारा. खप पक्का झाला, की महामार्गावरचा पंप आपण सारे मिळून मागू.

— एक वाचक, अकोला