बसायची गाडी वारसा आणि ओझ्याची गाडी भंगार?



आज पिकावर नोंद नाही. टोमॅटोची बांधणी चालू आहे, त्याचं उद्या-परवा लिहितो. आज गाडीवर लिहायचंय. मोबाईलवर सध्या मुंबईच्या जुन्या गाड्यांचे फोटो सारखे फिरतायत. त्यात आपली गाडी कुठंच दिसत नाही, म्हणून हे लिहिणं.

मुंबईकरांना जुन्या गाड्यांचा उमाळा मोठा. बेस्टची डिझेलवरची जुनी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला बंद झाली, तेव्हा लोकांनी गाडी सजवून निरोप दिला. त्याच वर्षी ऑक्टोबर संपताना पद्मिनी टॅक्सी गेली. तेव्हा गिरगाव-दादरच्या लोकांनी बालपण गेल्यासारखं लिहिलं. ट्राम तर 31 मार्च 1964 लाच बंद झालेली. अर्धशतक उलटल्यावर सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत तिची आठवण मांडायची ठरली, तेव्हा डबा कोलकात्याहून आणावा लागला. वेळेवर जपलं नाही की असं दुसऱ्याच्या दारात जावं लागतं.

या प्रेमाला मी नावं ठेवत नाही. माझं भांडण वेगळं आहे. ही सगळी बसायची गाडी झाली. त्या बसलेल्या माणसाच्या ताटात भाकरी-भाजी कुठल्या गाडीनं आली, हे कोणी आठवतं का?

पद्मिनीचंच घ्या. ती बनवली प्रीमियर कंपनीनं. कंपनी काढणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रकही बाहेर पडले. कंपनी एक, शहर एक. टॅक्सीसाठी डोळे भरून आले आणि फार्गोचं नाव काढलं तर विचारतात, ते काय असतं?

टाटांनी 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक काढले. 1969 ला करार संपला, नाकावरचा तारा गेला, पण आमच्याकडची जुनी माणसं अजून त्या गाडीला बेंझच म्हणतात. मग 1210 आली. 12 म्हणजे भारासकट साधारण 12 टन, 10 म्हणजे साधारण 100 अश्वशक्ती. पॉवर स्टिअरिंग नाही, केबिनमध्ये इंजिनाची धग, वर ताडपत्री आणि आत आमच्या जुन्नर भागाची भाजी. संध्याकाळी वस्त्यावस्त्यांवरून डाग गोळा करायचे, रात्री माळशेज उतरायचा आणि कल्याणवरून उजाडायच्या आत भायखळ्याला लागायचं. भाडं डागावर. विकल्यावर पट्टी यायची, तिच्यात भाडं, हमाली, तोलाई कापून जे उरेल ते आपलं.

भाजी भायखळ्याला, फळं क्रॉफर्ड मार्केटला, धान्य दाणाबंदरला. गिरगावच्या खानावळी, परळच्या गिरणगावातल्या चाळी, लालबागच्या मसाल्याच्या गिरण्या, सगळ्यांचं रोजचं पोट या ट्रकवर. गाडी रिकामी करणारा माथाडी आपल्याच सातारा, पुणे, नगरकडचा. त्याच्यासाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि 1969 ला माथाडी कायदा झाला. 1996 ला भाजी-फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला. बाजार गेला तसा ट्रकही मुंबईच्या डोळ्यांआड झाला आणि मनातूनही उतरला.

आता कायद्याकडं बघा. केंद्रानं 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झाली, गाडी मूळ रूपात असली, की तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरप्लेट मिळते. रोजच्या कामाला आणि धंद्याला ती वापरायची नाही, प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. नियम चांगला आहे. पण तो फक्त दुचाकीला आणि खासगी मोटारीला. मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे शेठची मोटार 50 वर्षांची झाली की वारसा, आणि त्याच शेठच्या घरी भाजी पोचवणारा ट्रक 50 वर्षांचा झाला तर भंगार. कुणी हौसेनं 1210 नटबोल्टासकट मूळ रूपात उभी केली, तरी तिला त्या नोंदणीत जागा नाही.

तऱ्हा बघा अजून एक. ट्रकच्या मागं लिहिलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्रात 2015 साली बंद केलं, उगाच हॉर्न वाजतात म्हणून. बरोबरच आहे ते. पण तीच अक्षरं शहरात टी-शर्टवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर पैसे घेऊन विकली जातात. ट्रकची रंगरंगोटी पाहिजे, ट्रक नको. गिरण्यांचं हेच झालं. लोअर परळला मॉलच्या आवारात चिमणी उभी आहे, लोक तिच्यासमोर फोटो काढतात. चिमणी ठेवली, कामगार गेला. 1982 च्या संपानंतर तो कुठं गेला, हे त्या चिमणीखाली उभं राहून किती जण विचारतात?

काही जण म्हणतील, ट्रकमध्ये जपण्यासारखं काय? धूर, अपघात, ओव्हरलोड. अहो, डबलडेकर काय अगरबत्तीवर चालायची? धुराचा विषय असेल तर गाडी चालवू नका, उभी करा. जपणं आणि चालवणं वेगळं. जुना ट्रक परत मालाला लावा असं मी म्हणतच नाही. उलट वारशाच्या नावाखाली कोणी खिळखिळी गाडी घाटात घालणार असेल, तर मी त्याच्या विरोधात.

दुसरे आपलेच भाऊ म्हणतील, भाव मिळत नाही आणि तुम्हाला ट्रकचं काय पडलंय? त्यांना माझं उत्तर असं. जे शहराच्या आठवणीत नाही, ते शहराच्या नियोजनातही नसतं. दक्षिण मुंबईत जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते. वाहतुकीसाठी ती समजू शकतो. पण बाहेर थांबलेल्या ड्रायव्हरला सावली, संडास, पाणी कुठं आहे? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लोकल प्रवाशांना बंद होती, तरी भाजीचा ट्रक चालू होता. तेव्हा टाळ्या वाजल्या. नंतर परत तोच ड्रायव्हर रस्ता अडवणारा ठरला. ज्याला मान नाही, त्याच्या सोयीला पैसा निघत नाही. भावाचंही तसंच आहे. दादरला सकाळी भाजी घेणाऱ्याला दर दिसतो, त्या दरामागचा घाट, ताडपत्री आणि हमाली दिसत नाही.

म्हणून माझं मागणं तीन गोष्टींचं.

एक, व्हिंटेजच्या नियमात मालवाहू गाडीला जागा द्या. अट तीच ठेवा, प्रदर्शनापुरती, धंद्याला नाही.

दोन, भायखळ्याला किंवा दाणाबंदरला एक जुना ट्रक कायमचा उभा करा. नुसता पॉलिश करून नको. मागं पोती, करंड्या, ताडपत्री, माथाड्याचा हूक, केबिनमध्ये ड्रायव्हरची वळकटी आणि काचेत एक जुनी पट्टी लावा. शेतकऱ्याच्या हातात किती पडायचं ते शाळेतल्या पोरांना वाचू द्या.

तीन, जुने बॉडी बांधणारे, कमान पाटे बसवणारे, पंप-नोझलवाले फिटर अजून हयात आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या. तो हात गेला की ट्राममागं कोलकात्याला जावं लागलं तसं होईल.

आता थोडं आपल्या घरातलंही बोलतो. जुन्या ट्रकचं खरं नूतनीकरण गावातच होतं. त्याचा एक्सल, डिस्का, टायर काढून आपण ट्रॅक्टरची ट्रॉली बांधतो. वस्तू वाया जात नाही, चांगली गोष्ट आहे. पण लाल-पिवळा रंग, गोंडे, नाव, गाणी सगळं करतो आणि ब्रेक आणि मागचा लाल रिफ्लेक्टर राहतो. रात्री उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, मागून मोटारसायकलवाला आदळतो आणि एक घर बसतं. जुन्या लोखंडाचा मान राखायचा तर आधी त्याला ब्रेक लावा. शहराला नावं ठेवायची आणि आपली ट्रॉली अंधारात सोडायची, हे चालणार नाही. हंगामाआधी मागं पट्टी लावा, खर्च किरकोळ आहे.

तुमच्याकडं जुन्या बेंझचा, फार्गोचा, 1210 चा फोटो असेल, भायखळ्याची जुनी पट्टी असेल, तर खाली टाका. गाव आणि साल लिहा. ड्रायव्हर, क्लीनरचं नाव टाकायचं तर आधी त्यांना विचारा. संग्रहालय होईल तेव्हा होईल, तोवर आपली नोंद आपण ठेवू.