'निरक्षर' हा शब्द आधी का?

मंडळी, विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जुने कागद जपतात आणि ते कोणाचे, याचं चार ओळींचं टिपण सोबत जोडतात. आमच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींवरची अशी परिचयपर टिपणं हाती लागली तेवढी वाचली. बहुतेकांची सुरुवात एकच: 'निरक्षर कवयित्री'!

माझी याला सपशेल हरकत आहे. जन्म 24 ऑगस्ट 1880. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावी सासर, 1910 साली वैधव्य, पदरात तीन मुलं आणि शेतीचं काम. त्यातून गाणी रचून ती तोंडपाठ ठेवणारी ही बाई. (आम्हा बी. ए. झालेल्यांना स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, ते सोडा.) तिला काय येत नव्हतं, हेच आधी का सांगायचं?

आणि गाणी कागदावर उतरवली कोणी? मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी. टिपणात हे सहसा नसतंच. 3 डिसेंबर 1951ला बहिणाबाई गेल्या. पुस्तक आलं 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ते त्यांनी पाहिलंच नाही. जी गाणी कोणी उतरवली नाहीत, ती कायमची गेली. हे ग्रंथालयानं नाही नोंदवायचं, तर कोणी?

भाषेचंही तेच. सरसकट 'अहिराणी' लिहून मोकळे! अहो, ती आमची लेवा बोली.

2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं, आनंद झाला. पण नातेवाईकहो, घरात आजीच्या ओव्यांची वही असेल, तर पहिल्या पानावर आजच लिहा: गायली कोणी, लिहून घेतली कोणी, गाव कोणतं.