ताप अंगावर काढणे म्हणजे विश्वास नव्हे



हिवतापाचा परजीवी रक्तातील तांबड्या पेशीत शिरून लपतो. तो आत वाढू लागला की त्याची प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर उमटतात. या खुणांना आपली प्रतिपिंडे चिकटतात. मग भक्षकपेशी त्या प्रतिपिंडांना धरून रोगट पेशीला चहूबाजूंनी वेढते, गिळते आणि पचवून टाकते. प्लीहेत हे काम रात्रंदिवस चालते. निर्माणकर्त्याने शरीरात ठेवलेला हा पहारा पाहून मन स्तुतीने भरून येते.

पण म्हणून "शरीर लढेल, आपण फक्त प्रार्थना करू" हे म्हणणे मला पटत नाही. फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी. तो रोगट पेशीला बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीशी चिकटवून ठेवतो, म्हणजे प्लीहेची वाटच टळते. चिकटणाऱ्या या प्रथिनाची सुमारे ६० जनुके त्याच्याकडे असतात. एक खूण ओळखली गेली की तो दुसरी पुढे करतो. पुरेशी प्रतिकारशक्ती यायला वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लागण व्हावी लागते. तेवढा अवधी तान्ह्या मुलांकडे आणि गर्भवतींकडे नसतो.

म्हणून थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि दिलेली औषधे पूर्ण घ्या. भक्षकपेशीलासुद्धा शत्रू दाखवून देणारा सोबती लागतो. आजाऱ्यासाठी गुडघे जरूर टेकावेत. मग उठून त्याला दवाखान्यातही न्यावे. दोन्ही मिळूनच ती प्रार्थना पूर्ण होते.