ओपनऑफिस 'मेलं' म्हणू नका, पण खरं ते सांगा

परवा शाळेत क्लार्क असलेल्या मित्राने विचारलं, "ते फुकटातलं ओपनऑफिस टाकू का रे?" मी म्हटलं, नको, लिब्रेऑफिस टाक. त्याला फरकच माहीत नव्हता. त्यात त्याची चूक नाही.

२०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली. पुढे काय होणार याची खात्री वाटेना, म्हणून बरेच जण बाहेर पडले आणि त्याच कोडवर लिब्रेऑफिस उभं केलं. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. ओळखीचं नाव तिकडे, काम करणारे बहुतेक हात इकडे. अपाचेची ४.१ आवृत्ती २०१४ ची, दहा वर्षं उलटली तरी तिच्याच दुरुस्त्या येताहेत. डॉकएक्स फाइल उघडते, पण तशी सेव्ह होत नाही.

२०२० मध्ये लिब्रेऑफिसवाल्यांनी जाहीर पत्र लिहिलं: निदान लोकांना आमच्याविषयी सांगा. मागणारे प्रतिस्पर्धीच, पण मागणी रास्त.

मात्र 'मेलं' असं ठोकून देणारेही मला पटत नाहीत. मूठभर माणसं अजून सुरक्षेची भोकं बुजवताहेत ना? डाउनलोडच्या बटणाशेजारी एवढंच लिहा: 'सध्या मुख्यतः दुरुस्त्या होतात, मोठ्या नव्या सोयींची वाट बघू नका.' यात लाज कसली? एसटी स्टँडवर 'गाडी उशिरा सुटेल' असं लिहिलं म्हणून कुणी डेपो बंद पडला म्हणत नाही. घाई असेल तो दुसरी गाडी बघतो.

तुमच्या ऑफिसात कोणतं आहे? हेल्प मेनूत जाऊन आवृत्ती बघा आणि कमेंटमध्ये सांगा.